ड्रेसिंग रूमचं मागचं दार

चकली खात खात वाचायचा हा विषय नाही, हे आधीच सांगतो. पण दिवाळी अंक घरातली सगळी माणसं निदान चाळतात. हे पान एखाद्या बाईच्या हाती पडलं आणि तिनं नवऱ्याकडं एकदा रोखून बघितलं, तरी माझं काम झालं. पुरुष आपण होऊन वाचतील अशी आशा मला नाही. बत्तीस वर्षं मी त्यांना फार जवळून बघितलंय.

मी ड्रेसर होतो. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या ओपीडीत. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक दवाखान्याची नव्हती. ड्रेसर म्हणजे काय ते बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं. डॉक्टर जखम बघतो, कागदावर दोन ओळी लिहितो आणि हात धुतो. ती जखम साफ करणं, पू काढणं, मेलेली कातडी कापून टाकणं, औषध लावून पट्टी बांधणं, हे पुढचं सगळं ड्रेसरचं. डॉक्टर जखम एकदा बघतो, आम्ही वीस वेळा बघतो. त्यामुळं जखम भरतेय की चिघळतेय ते मला पट्टी सोडायच्या आधी वासावरनं कळायचं. नवे डॉक्टर माझं मत विचारायचे आणि मी ते जरा थांबून, भाव खाऊन द्यायचो.

आमच्या ड्रेसिंग रूमला दोन दारं. पुढचं डॉक्टरांच्या खोलीत उघडायचं. मागचं सायकल स्टँडकडं उघडायचं, वापरलेल्या कापसाच्या बादल्या तिकडनं बाहेर जायच्या. रीत अशी की आधी खिडकीवर केसपेपर काढायचा, मग डॉक्टरांना दाखवायचं आणि मग ड्रेसरकडं यायचं. पण खिडकीवरचा कारकून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारायचा, ‘काय होतंय?’ ज्याला लघवीच्या जागेचं दुखणं आहे त्यानं तिथं काय सांगावं? तो सांगायचा, पोट दुखतंय. डॉक्टरांपुढं गेला की तिथं शिकायला आलेली चार पोरं आणि बाहेर बाकावर स्वतःची बायको. मग म्हणायचा, अशक्तपणा वाटतोय. टॉनिकची चिठ्ठी घेऊन बाहेर पडायचा आणि इमारतीला वळसा घालून माझ्या मागच्या दारात येऊन उभा राहायचा. ‘मामा, जरा बघतासा का?’

मी बघायचो. हे सुरू कधी झालं ते आठवत नाही, पण दहा वर्षांत मागचं दार इतकं माहीत झालं की पार वारणानगरकडनं माणसं नुसता पत्ता विचारत यायची. केसपेपर नाही, डॉक्टर नाही, बोभाटा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यातला एक जण अजून आठवतो. साखर कारखान्यात कामाला होता, नवीन लग्न झालेलं. पुढची कातडी मागं सरकली ती परत पुढं येईना. कातडीचा फास बसून पुढचा भाग वांग्यासारखा सुजला होता. गडी दोन दिवस टमरेलात गार पाणी घेऊन त्यात धरून बसला होता, उतरेल म्हणून. खरं तर हे दुखणं तासांच्या हिशेबाचं. रक्त अडकतं आणि पुढचा भाग काळा पडायला लागतो. मी मुठीत धरून दहा मिनिटं हळूहळू दाबत राहिलो, सूज उतरली, मग अंगठ्यानं कातडी पुढं आणली. तो देवाचं नाव घेत रडला आणि आठ दिवसांनी पेढे घेऊन आला. डॉक्टरांनी पण तेच केलं असतं, पण पेढे मला मिळाले. अशा पेढ्यांनी माणूस बिघडतो.

दुसरा पुढच्या दारानं आला, स्ट्रेचरवरून. हा पुढच्या काळातला, ताकदीच्या गोळ्या दुकानात मिळायला लागल्यावरचा. पन्नाशीचा व्यापारी. कुणाच्या तरी सांगण्यावरनं कसली तरी दोन औषधं एकदम घेतली होती आणि ताठरपणा जाईचना. चार तासांवर असं राहिलं तर तडक दवाखाना गाठायचा असतो, आतलं रक्त गोठायला लागतं. हा अख्खा दिवस घरात पोटावर उशी धरून बसला, सुना होत्या म्हणून. ऑपरेशन करून रक्त काढलं, जीवाला काही झालं नाही, पण ज्याच्यासाठी गोळ्या घेतल्या ते कायमचं गेलं. त्याच्या पट्ट्या मीच बदलल्या. 

लोक काय काय लावून यायचे ते सांगितलं तर फराळ राहील बाजूला. चुना, तंबाखूचं पाणी, रॉकेल. बिब्बा लावून आलेले तर तीन बघितले. मूळची पुळी हरभऱ्याएवढी असायची आणि बिब्ब्यानं भाजलेलं तळहाताएवढं. आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच, की इथं जखम म्हणजे बाहेरख्यालीपणा. अहो, तसं नसतं. साखर वाढलेल्या माणसाला सारखी खाज सुटते, कातडीला चिरा पडतात, ती आवळत जाते. कित्येकांची साखर पहिल्यांदा अशीच सापडते. काहींची कातडी जन्मात कधी मागं सरकत नाही, आत मळ साठून राहतो, आणि त्याच मळाखाली वर्षानुवर्षं काय शिजतंय ते मालकालाही दिसत नाही. तिथं फोड, गाठ, चट्टा किंवा जखम झाली आणि पंधरा दिवसांत गेली नाही, आतनं वास किंवा रक्त यायला लागलं, सरकणारी कातडी सरकायची थांबली, नाहीतर जांघेत गाठ लागली, तर डॉक्टरला दाखवायचं. ड्रेसरला नाही, डॉक्टरला. हे वाक्य मी आज लिहितोय. तेव्हा माझ्या तोंडातनं ते नीट निघालं नाही, आणि ज्याच्या बाबतीत निघालं नाही त्याचीच ही गोष्ट.

आमचं गाव जयसिंगपूरहून एसटीनं अर्ध्या तासावर. आमची माणसं छप्पन सालानंतर बौद्ध झाली. मेलेली जनावरं ओढायचं सोडलं, पोरांना शाळेत घातलं. तरी माझ्या लहानपणी गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांच्या घराला आमच्यासाठी दार एकच होतं, मागचं, गोठ्याकडचं. शंकरआण्णांचं घर त्यातलंच. माझा बाप सुगीला त्यांच्याकडं राबायचा आणि मागच्या दाराशी उभा राहून भाकरी घ्यायचा. आण्णा वाईट माणूस नव्हते. बापाला कधी शिवी दिली नाही. पण मला नोकरी लागल्यावर, मी पँट घालून गावात गेलो तरी, हाक यायची ती ‘सद्या’.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. एका सोमवारी सकाळी सायकल स्टँडपाशी पांढरी टोपी आणि धोतर दिसलं. आण्णा. पंचावन्न-छप्पनचे असतील तेव्हा. मला बघून पुढं आले आणि म्हणाले, ‘सदाशिवराव, हायसा व्हय?’

राव. आणि अहो-जाहो. ते कानात शिरलं आणि तिथंच बसलं.

आण्णांनी दोन वाक्यांत सांगितलं. खाली कातडीला चीर पडलीय, आतनं ओलं येतंय, दोन महिने झाले. मग आवाज खाली आणला. ‘घरात कळाय नगं, गावात कळाय नगं. तुमच्यातलं आमच्यात काय येत न्हाय, म्हणून तुमच्याकडं आलोय.’

हे बोलणं लागायला पाहिजे होतं. लागलंही. पण त्याहून जास्त मला गुदगुल्या झाल्या, हे खरं आहे आणि ते लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांच्या मागच्या दाराशी माझा बाप उभा राहिला ते माझ्या मागच्या दाराशी उभे होते.

मी बघितलं. त्यांची कातडी तरुणपणापासनं आवळलेलीच होती, कधी उघडलीच नव्हती. वरून दाबलं की आत हरभऱ्याएवढं काहीतरी टणक लागत होतं. आणि वास. तो साध्या पुवाचा नव्हता. माझ्या नाकानं मला त्याच दिवशी सांगितलं. त्या वर्षी आमच्याकडं एक बाई डॉक्टर आल्या होत्या, तरुण, बोलायला तुसड्या, हाताला फार चांगल्या. मी म्हटलं, आण्णा, आत मॅडमना दाखवूया. आण्णांनी धोतर सावरलं. ‘बाईला? मरंन, पर बाईला दावणार न्हाय.’

मंगळवारी मोठे सर्जन यायचे, ते पुरुष होते. हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, आज पावडर लावू, पुढच्या सोमवारी बोलू.

पुढच्या सोमवारी आण्णा आले तेव्हा मी चहा पीत होतो. स्टोव्हवर अजून होता. मी विचारलं, घेणार का. ते हो म्हणाले. माझ्याकडं जादा कप नव्हता. मी माझाच विसळून दिला आणि आण्णा त्यातून चहा प्याले, गावची, पाण्यापावसाची चौकशी करत. बाप तेव्हा हयात होता, माझ्याकडंच राहायचा. संध्याकाळी मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्याला गरज हाय म्हणून प्याला. मला ते ऐकायचं नव्हतं.

आठ महिने सोमवार असा गेला. मी धुवायचो, मलम लावायचो, गोळ्या द्यायचो. गोळ्यांनी वास कमी व्हायचा, मग आण्णा खूश आणि मी पण. हरभऱ्याची सुपारी झाली. कातडीतनं ती बाहेर डोकावली, खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी. मग डाव्या जांघेत गाठ लागली. दर सोमवारी ठरवायचो, आज सांगायचं. पण सांगितलं की ते पुढच्या दारानं डॉक्टरकडं जाणार, मग माझं काय राहणार? सदाशिवराव संपला, सोमवारचा चहा संपला. भीड भिकेची बहीण म्हणतात. आण्णांना लाजेची भीड होती आणि मला मोठेपणाची चटक लागली होती.

एका सोमवारी मॅडम कात्री शोधत पुढच्या दारानं आत आल्या. आण्णा टेबलावर आडवे होते. त्यांनी धडपडत धोतर ओढलं, पण मॅडमनी बघितलं होतं. त्यांनी हातमोजे घातले, धोतर बाजूला केलं आणि दोन्ही जांघा चाचपल्या. आण्णांनी डोळे मिटून घेतले. बाईनं बघितलं आणि ते मेले वगैरे नाहीत. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.

‘किती दिवस येतायत हे?’ मॅडमनी मला विचारलं.

‘आठ महिने.’

‘केसपेपर?’

केसपेपर कुठला असणार? मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘कांबळे, आठ महिन्यांपूर्वी टोकाचा थोडा भाग काढून भागलं असतं. बाकीचं राहिलं असतं. माणूसही राहिला असता.’ मग त्यांनी मागच्या दाराकडं बघितलं आणि निघून गेल्या. त्यांनी माझी वर तक्रार करायला पाहिजे होती. केली नाही. का केली नाही ते मला आजही माहीत नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचे आभार मानत नाही.

तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये सगळं मुळापासनं काढावं लागलं. लघवीसाठी खाली मागच्या बाजूला वाट करून दिली. त्यानंतर आण्णांना बाईमाणसासारखं बसून लघवीला जावं लागायचं. त्यांनी शेतात जायचं सोडलं, कारण बांधावर चार गडी असतात. पारावर बसायचं सोडलं. गावात सांगितलं की मांडीत गाठ होती. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सगळं ठाऊक होतं, आणि मला. जांघेतल्या गाठीही काढल्या होत्या, ती जखम भरेना, म्हणून रविवारी मी गावी जाऊन पट्टी बदलायला लागलो. त्या घरात मी पुढच्या दारानं गेलो तो असा. वहिनी माझ्यासाठी सोप्यात पाट मांडायच्या. माझा बाप ते बघायला राहिला नव्हता, आणि असता तर काय म्हणाला असता ते मला माहीत आहे.

पाच-सहा महिन्यांनी जखमेतनं रक्त यायला लागलं तेव्हा आता सुटका नाही हे आण्णांनाही उमगलं. एका रविवारी पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी वहिनींना पाणी आणायला आत पाठवलं आणि छपराकडं बघत बोलले.

‘पैल्याच दिशी तू म्हणालतास, बाईला दावूया.’

मी म्हटलं, ‘व्हय आण्णा. तुम्ही न्हाय म्हणालासा.’

‘मी न्हाय म्हणालो. मला काय कळतंय त्यातलं? तुला कळत हुतं.’ मग नजर छपरावरनं माझ्याकडं आणली. ‘तू एकदाच का म्हणालास रं?’

ते पुन्हा ‘तू’वर आले होते. मला राग आला नाही.  वहिनी पाणी घेऊन आल्या आणि मी ते प्यालो.

आण्णा त्यानंतर महिनाभर होते. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडायला मी गेलो. नदीवरनं परत आल्यावर त्यांच्या अंगणात माणसं बसली होती. वहिनींनी मला आत बोलावलं. त्यांचे डोळे कोरडे झाले होते. म्हणाल्या, ‘भावजी, तुम्ही ह्यांची अब्रू राखलासा. जलमभर इसरणार न्हाय.’ मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर आलो, तर आण्णांचे धाकटे भाऊ तानाजीराव पाठोपाठ आले आणि मला गोठ्याकडं घेऊन गेले. आधी तंबाखू मळली. मग म्हणाले, आपलंही तसंच काहीतरी झालंय, कातडीला चिरा पडतात, उघडत नाही, चार महिने झाले. ‘दादा जाताना सांगून गेला, सदाशिवकडं जा. तुमच्याकडं मागचं दार हाय न्हवं?’

आण्णांच्या त्या प्रश्नानंतर मी मागच्या दाराला महिन्यापूर्वीच खिळे ठोकले होते, बादल्याही पुढनं जायच्या. पण तानाजीरावांच्या तोंडाकडं बघितलं आणि कळलं, दाराला खिळे ठोकून भागणारं नव्हतं. गोठ्यातनं मी अंगणात आलो. त्यांची बायको तिथं होती, थोरला मुलगा होता, दहा-बारा पावणे होते. मी मुलाला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की तुझ्या बापाच्या लिंगाला जखम झालीय, चार महिने झालेत, तुझ्या चुलत्याचंही हेच झालं होतं, मांडीत गाठ-बिठ काही नव्हती, उद्या सकाळच्या गाडीनं त्यांना घेऊन ये आणि खिडकीवर केसपेपर काढताना हेच सांग.

 तानाजीराव मागोमाग आले होते, त्यांचा हात तंबाखूसकट तसाच राहिला. आत वहिनींना ऐकू गेलं का, ते मला समजलं नाही. मी चपला घातल्या आणि स्टँडवर आलो.

मुलगा घेऊन आला. पुढच्या दारानं. मॅडमनी तपासलं. गाठ नव्हती, कॅन्सर नव्हता. साखर भरमसाट वाढलेली होती, त्यांना पत्ताच नव्हता. साखर आटोक्यात आणून आवळलेली कातडी काढून टाकली, छोटंसं ऑपरेशन. ‘म्हंजे मुसलमानांच्यात करत्यात तसं?’ एवढं एकच त्यांनी विचारलं, आणि मॅडम म्हणाल्या, हो, तसंच. जखम पंधरा दिवसांत भरली. त्यांची पट्टी मी बदलत होतो तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून असायचे. आज ते सत्तरीच्या पुढं आहेत, ऊस बघायला रोज शेतात जातात, आणि जयसिंगपूरच्या स्टँडवर मी समोर आलो तर तोंड फिरवतात. पोराच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही. मला त्याचं वाईट वाटतं. चारचौघांत बोललो ते चुकलंच, घरातल्या घरात सांगता आलं असतं. पण त्या दिवशी मला हळू आवाजाची भीती वाटत होती.

वहिनी मात्र दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. अंगणातलं त्यांच्या कानावर गेलं नव्हतं, की जाऊनही त्यांनी ते मनावर घेतलं नाही, देव जाणे. डबा घेऊन येणारा निरोप देतो, ‘आण्णांची अब्रू राखली त्या सदाशिवभावजींना.’ चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू. बायको खाते, नातवंडं खातात. मी आजवर त्यातला तुकडा तोंडात घातलेला नाही. आण्णांना काय झालंय ते मला आठही महिने कळत होतं, हे मी त्या बाईला कधी सांगितलं नाही.

नावं बदलली आहेत, पण आमचं गाव नावांवर विसंबून नाही. हा अंक गावच्या वाचनालयात येतो आणि वहिनींची नात तिथंच अभ्यासाला बसते. ती वाचेल, आजीला वाचून दाखवेल. अंक वसुबारसेच्या आत पोचतो. डबा पाडव्याला येतो. यंदा तो आला नाही तर मला बरं वाटेल.